मॉडेलचा उजवा हात

६ जानेवारी, सोमवार

ऋग्वेदाने तिच्या ऑफिसची डायरी आणून दिली. लोअर परळच्या त्यांच्या काचेच्या इमारतीत दरवर्षी अशा डायऱ्या वाटतात आणि कोणी त्यात एक अक्षर लिहीत नाही. म्हणाली, "पपा, तुम्ही दिवसभर मम्मीला जे ऐकवता ना, ते यात लिहा. तिला जरा सुट्टी." कन्यारत्न!

लिहिण्यासारखं आज घडलं म्हणून लिहितो. परळच्या एका मेडिकल कॉलेजातून फोन आला. शरीररचना विभागाच्या प्रमुख डॉ. नूपुर सबनीस. त्यांच्या संग्रहालयातले दोन जुने तक्ते वाळवीने खाल्ले. एक त्वचेचा, एक सांध्यांचा. वाळवीला अभ्यासक्रमाची जाण असावी, विद्यार्थी नेमके हेच धडे ऑप्शनला टाकतात. बाईंना छापील नको, कॉम्प्युटरवरचं नको, हाताने रंगवलेलं हवं. आणि हाताने माणूस रंगवणारा जिवंत माणूस त्यांना चौकशीअंती एकच सापडला. मनमोहन धैर्यवान, वय अडुसष्ट, मुक्काम ठाकूरद्वार, गिरगाव.

चाळीस वर्षं मी शाळांसाठी तक्ते रंगवले. कुठल्या कुठल्या गावच्या प्रयोगशाळांत माझं हृदय लटकतंय, आणि माझ्या स्नायूंच्या माणसाला पोरांनी मिशा काढल्यात. कलावंताची कदर म्हणतात ती हीच.

बेबीला बातमी सांगायला स्वयंपाकघरात गेलो. (साठी उलटली तरी बायकोचं नाव बेबी. आम्हा पाठारे प्रभूंच्या प्रत्येक घरात एक बेबी असतेच.) ती लोणच्याच्या बरणीशी झटत होती. म्हणाली, "छान झालं. जरा हे झाकण उघडून द्या." मी म्हटलं, एक मिनिट, आधी पुढचं ऐक. तर बाईंनी बरणी फडक्यात धरून ओट्यावर आपटली. झाकण निघालं, बरणीला तडा गेला. नवऱ्याला एवढं काम मिळालं आणि हिचं लक्ष लोणच्यात.

९ जानेवारी, गुरुवार

त्वचेचा उभा छेद रंगवायला घेतला. सगळ्यांत वर बाह्यत्वचा. तिच्या तळाशी पेशी जन्मतात, महिनाभर हळूहळू वर सरकतात, वर पोचेपर्यंत मरतात आणि गळून जातात. सरकारी नोकरीच ती. म्हणजे माणसं एकमेकांच्या ज्या गालांवर भाळतात तो वरचा थर मेलेलाच असतो. हे वर्गात सांगायला हवं, अर्धी प्रेमप्रकरणं जागच्या जागी मिटतील.

बेबी पलंगावरची चादर झटकत होती. तिचा रोजचा सकाळचा कार्यक्रम. कोपरांना आणि कानामागे तिची कातडी सुकते, पांढरा कोंडा पडतो. मी तिला कधीच सांगून ठेवलंय की ही थंडीची कोरडी त्वचा, खोबरेल लाव. वर्षभर कोंडा पडतो म्हणते. मुंबईला वर्षभर थंडी नसते एवढं मलाही कळतं, पण खोबरेल वर्षभर मिळतं.

आज पुन्हा समजावून सांगितलं की घरातल्या धुळीतही आपल्याच कातडीचे कण असतात. ती म्हणाली, "हे केरसुणीला सांगा. ती निदान हलते तरी."

हल्ली बोलणं फार तिखट झालंय हिचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात विकतचे तिळाचे लाडू आले. मी विचारलं, गूळ संपला का जगातला? म्हणाली, "पाक गरम असताना वळावे लागतात. नाही जमत." आजवर बरे जमत होते. वय झालं की माणसाला आळस चढतो, कबूल कोणी करत नाही.

तशी सकाळची राणीसाहेबांची चैन मी बघतोच आहे. तास तास पलंगावर बसून राहायचं. मग पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून खिडकीशी बसायचं. चहा मिळतो तो त्यानंतर. काल कप हातातून सुटला. माझा निळा कप! मी फक्त टाळ्या वाजवल्या, एक शब्द बोललो नाही. माझ्याइतका शांत नवरा शोधून सापडणार नाही.

दुपारी शेजारच्या राधाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. बेबीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकंबिकं काही दुखत नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

त्वचा झाली. घर्मग्रंथीची वेटोळी अशी उतरलीयत की बघणाऱ्याला घाम फुटेल. आता सांधे. खांदा उखळीचा, गुडघा आणि बोटांची पेरं बिजागरीची, मनगटातली हाडं एकमेकांवर सरकणारी. हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा, भोवती एक पिशवी, पिशवीत चिकट वंगण. सत्तर-ऐंशी वर्षं कुरकुर न करता चालावं अशी योजना. आमच्या इमारतीच्या लिफ्टला आठ दिवसांत दोनदा वंगण लागतं आणि तरी ती दुसऱ्या मजल्यावर अडकते.

हाताच्या अभ्यासासाठी मॉडेल हवं होतं. माझ्या उजव्या हातात पेन्सिल, तेव्हा बेबीला बसवलं. आधी नको नको म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुझा हात मेडिकल कॉलेजात जाणार. बसली. लांब बाह्यांचा ब्लाऊज मनगटाच्या वर सरकवू देईना, म्हणजे तिथेही वाद. बोटातली अंगठी दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, "कापून काढली सोनाराकडे. दिवाळीत." मी म्हटलं, खा अजून चकल्या.

मॉडेल म्हणून शंभरातले तीस मार्क. मधलं बोट पेरापासून टोकापर्यंत एकसारखं जाड, राजेळी केळ्यासारखं. नखांवर बारीक बारीक खड्डे, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. मी म्हटलं, बोट सरळ कर.

"होत नाही."

"कर म्हणजे होईल."

"मी काय मुद्दाम वाकडं धरलंय?"

मी ते दाबून सरळ करायला गेलो तर एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या गॅलरीतले जोशी बाहेर आले. शेवटी जसं होतं तसं काढलं. माझी जुनी सवय आहे, कच्च्या चित्रात डोळ्याला दिसेल तेच उतरवायचं. पक्क्या तक्त्यात सुधारून घेतलं. तिथलं बोट काडीसारखं सरळ आहे.

३० जानेवारी, गुरुवार

परळला जाऊन आलो. सबनीसबाईंचं वय पन्नाशीचं, केस पांढरे, बोलणं मोजकं आणि पुणेरी. दोन्ही तक्ते टेबलावर पसरून मान हलवत राहिल्या. "सुंदर," म्हणाल्या. पुणेरी माणूस जेवढी स्तुती आयुष्यात करतो तेवढी ती एका शब्दात झाली.

मग त्यांना कच्ची चित्रं बघायची होती. मी गठ्ठा पुढे केला. पाच-सहा चित्रं भराभर उलटली आणि त्या थांबल्या. खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"हा हात कोणाचा?"

"मॉडेलचा."

"कल्पनेने काढलेला नाही ना?"

"छे! माझ्या मिसेसचा."

"सकाळी उठल्यावर त्यांची बोटं वळायला किती वेळ लागतो?"

मी हसलो. म्हटलं, तासभर नाटक चालतं, पातेलंबितेलं घेऊन. त्या हसल्या नाहीत. पुढे विचारत गेल्या. अंगावर कुठे लालसर चट्टे? त्यावर पांढरे पापुद्रे? कोपरं, गुडघे, कानामागे? मी म्हटलं, कोरडी त्वचा आहे.

"कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं ते मला चांगलंच माहीत होतं.

"धैर्यवानसाहेब, मी मेलेली माणसं शिकवते, जिवंतांवर उपचार करत नाही. पण ही नखं आणि हे बोट तुम्ही इतकं अचूक काढलंय की कोणीही ओळखेल. हा सोरायसिस दिसतो, आणि तो सांध्यांत उतरलेला दिसतो. उद्या घेऊन या त्यांना. डॉ. अक्षता म्हणून आहेत, सांधेवाताच्या. उशीर करू नका. सांधा एकदा खराब झाला की मागे येत नाही."

परतताना टॅक्सीत विचार केला. दिवसभर प्रेतं बघणाऱ्या बाईला जिवंत माणसातही काही ना काही दिसणारच. एका पेन्सिलच्या चित्रावरून निदान! उद्या माझ्या रंगवलेल्या हृदयाला स्टेथोस्कोप लावतील.

घरी आलो. बेबीने विचारलं, "आवडलं का बाईंना?" मी म्हटलं, खूप.

बाकीचं सांगितलं नाही. योग्य वेळ बघून सांगू.

१ फेब्रुवारी, शनिवार

योग्य वेळ आली नाही. आज सकाळी ती खिडकीशी बसली होती तेव्हा मी घड्याळ लावलं. तिने मूठ मिटायचा प्रयत्न सुरू केल्यापासून मूठ मिटेपर्यंत सत्तावन्न मिनिटं. उजव्या हाताचं मधलं बोट मिटलंच नाही. ते तसंच बाहेर राहिलं.

मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो. पेपर उलटा नव्हता, तेवढी अक्कल आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. ऋग्वेदा घरी होती. बेबी वाल सोलत होती, म्हणजे सोलायचा प्रयत्न करत होती. मी अगदी वैज्ञानिक पद्धतीने सुरुवात केली. पेशी महिन्याऐवजी चार-पाच दिवसांतच वर येतात, म्हणून पापुद्रे जमतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच बिथरते, ती आधी कातडीवर आणि मग सांध्याच्या पिशवीवर...

"मला माहीत आहे," बेबी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सोरायसिस. तीन वर्षांपूर्वी ऋग्वेदाबरोबर स्किनवाल्या डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी मलम दिलं. सांधेही दाखवून घ्या म्हणाले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. ऋग्वेदा म्हणाली, "सांगितलं होतं, पपा. याच टेबलावर. तुम्ही म्हणालात, त्या डॉक्टरने जन्मात जेवढी त्वचा बघितली नसेल तेवढी मी रंगवलीये."

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

"आणि मग गणपती आले," बेबी म्हणाली. शेंगा बाजूला ठेवल्या. "घरात पंचवीस माणसं. मी प्रसाद वाटत होते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बेबीच्या हातचं जपून घ्या, वरून कोंडा फुकट मिळतो."

"विनोद होता तो."

"हो. सगळे हसले. मीपण हसले."

मग ती वाल घेऊन आत गेली. लांब बाह्यांचे ब्लाऊज कधीपासून आले, हळदीकुंकू कधीपासून बंद झालं, याचा हिशेब मला कोणी सांगितला नाही. मीच बसून लावला. त्या गणपतीत येऊन थांबला.

विनोद खरं तर चांगला होता. पंचवीस माणसं हसली होती. तेच जास्त लागतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

बेबी डॉक्टरकडे जायला तयार झाली. अट एकच. मी बरोबर यायचं नाही. "तिथेही काहीतरी बोलाल आणि डॉक्टर हसतील. मग मला त्यांना काही सांगता येणार नाही."

मी म्हटलं, मी तोंडातून शब्द काढणार नाही. ती म्हणाली, "तुमचा चेहराही बोलतो."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मायलेकी सकाळी परळला गेल्या. मी घरी. अकरापासून दारावर नजर ठेवून होतो. काहीतरी करावं म्हणून चहा केला. मग फडकं पिळलं, बटणं लावली, कुलूप उघडलं, प्रत्येक वेळी कुठली पेरं वाकतात ते बघत. फडकं पिळायला दोन्ही हातांचे किती सांधे लागतात ते आज मोजलं. मधेच सोडून दिलं. हे ती रोज करते, आणि मी रोज म्हणतो की फडक्यातून पाणी गळतंय.

तीनला आल्या. दोघी दमलेल्या. ऋग्वेदाने एक्स-रे माझ्या हातात दिला. मला वाचता येतो. उजव्या मधल्या बोटाचं टोकाचं बिजागर दिसेना. दोन हाडांमध्ये एक काळी फट असते, ती नव्हती. हाड हाडाला जुळून गेलंय. मी तेच बोट दाबून सरळ करत होतो.

डॉ. अक्षता म्हणाल्या की ते बोट आता वळणार नाही. बाकीची वाचवता येतील, औषध नियमित घेतलं तर. आठवड्यातून एकदा गोळी, दर महिन्याला रक्ततपासणी. पूर्ण बरं होणारा आजार नाही, पण ताब्यात राहतो. संसर्गजन्य नाही.

हे शेवटचं ऋग्वेदाने माझ्याकडे बघून जरा मोठ्याने सांगितलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गोळीचा तिसरा आठवडा. शनिवारी गोळी, रविवारभर उलट्या, सोमवारी ताकभात. बेबी म्हणाली, "मला नको ही गोळी. बोटं वाकडी तर वाकडी."

मी समजावायला गेलो. कूर्चा, पिशवी, दाह, सगळं क्रमाने. तिने दार लावून घेतलं. व्याख्यान दाराला दिलं. दाराच्या बिजागरीनेही करकर करून निषेध नोंदवला.

१२ मार्च, बुधवार

सबनीसबाईंचा फोन. तक्ते लागले, विद्यार्थी फोटो काढतायत. आणि एक विनंती. तो हाताचा अभ्यास तिसरा तक्ता म्हणून लावायचा आहे, खाली माझ्या नावासकट. "असं चित्र कोणत्याही पुस्तकात नाही," म्हणाल्या. चित्र गेल्या खेपेपासून त्यांच्याकडेच आहे.

मी दिवसभर हवेत. अडुसष्टाव्या वर्षी संग्रहालयात! खाली काय लिहायचं ते दुपारपर्यंत ठरवूनही टाकलं: 'पत्नीस कृतज्ञतापूर्वक.' किती उदार माणूस मी.

चहाच्या वेळी बेबीला सांगितलं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, नाव नाही येणार तुझं. पत्नी एवढंच."

"तुम्हाला किती बायका आहेत?"

"विद्यार्थ्यांना उपयोग होईल. उद्या कोणाचा तरी आजार वेळेत ओळखतील."

"होऊ दे. माझा हात भिंतीवर नको. एकदा तुम्ही लावलात भिंतीवर, पंचवीस माणसांसमोर. तेवढं पुरे."

मी रागावून गॅलरीत जाऊन बसलो. तिचं चुकतंय असं मला अजूनही वाटतं. उपयोग झालाच असता. विद्यार्थ्यांचंही खरं आहे आणि तिचंही. पण हात तिचा आहे.

१५ मार्च, शनिवार

परळला जाऊन चित्र परत आणलं. सबनीसबाईंनी कारण विचारलं नाही. मी म्हटलं, मॉडेलची परवानगी नाही. त्या म्हणाल्या, "मग प्रश्नच नाही." मग म्हणाल्या, "गोळी चालू आहे ना?" मला उलट्यांचं सांगावं लागलं. त्यांनी तिथूनच डॉ. अक्षतांना फोन लावला.

चित्र घरी आणून बेबीच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. नखातला एकेक खड्डा मी काढला आहे. पेरावरची ताणलेली कातडी, तिच्यावरची चमक, सगळं.

"इतकं नीट बघितलंत," ती म्हणाली, "आणि तरी दिसलं नाही?"

चित्र तिने कपाटात साड्यांखाली ठेवलं.

१९ मार्च, बुधवार

आज अट सोडून मला डॉक्टरकडे नेण्यात आलं. डॉ. अक्षता म्हणजे ऋग्वेदाच्या वयाची मुलगी, पण नजर हेडमास्तरांची. म्हणाल्या, गोळी पोटाला सोसत नाही तर तेच औषध इंजेक्शनने घेऊ, आठवड्यातून एकदा, घरच्या घरी. "काका, तुम्ही टोचाल का? हात स्थिर असेल तुमचा."

बेबी म्हणाली, "हे? यांच्या हातात सुई?"

नर्सने संत्र्यावर सराव करायला लावला. माझ्या चेहऱ्याने काही बोलू नये म्हणून मी मान खाली घालूनच टोचत होतो. अकरा संत्री कामी आली. घरी आणून त्यांचा रस काढू म्हटलं तर बेबी हसली. या महिन्यातलं पहिलं हसू.

२२ मार्च, शनिवार

पहिलं इंजेक्शन. तारीख नोंदवतो.

सकाळी दहाला बेबी पलंगावर बसली. पोटावरची साडी बाजूला केली. तिथेही एक चट्टा होता, रुपयाएवढा, लाल, कडा उचललेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात तो मला माहीत नव्हता. नवा आहे का जुना, तेही माहीत नव्हतं. चट्ट्यापासून चार बोटं लांब जागा निवडायची, असं नर्सने सांगितलेलं.

चिमटीत कातडी धरली. बाह्यत्वचा, अंतस्त्वचा, त्याखाली उपत्वचीय थर. औषध तिथे सोडायचं. तो थर मी आयुष्यभर पिवळा रंगवत आलो, लिंबाच्या रंगात जरा पांढरा मिसळून. चाळीस वर्षं एक रेष हलली नाही माझी, आणि आज सुई टेकवायचा धीर होईना. मी हात मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा मागे.

"रंगवायचं नाहीये," बेबी म्हणाली. "टोचायचंय."

टोचलं. दट्ट्या हळूहळू दाबला, दहा आकडे मोजले, सुई काढली, कापूस धरला. रक्ताचा एकच थेंब. मला उगाच वाटलं की आता काहीतरी खुसखुशीत बोलावं, वातावरण हलकं करावं. जिभेवर आलंही होतं, चांगलं होतं.

बेबी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आता विचारा."

"काय?"

"दुखतंय का, ते."

मी विचारलं.

सुईबद्दल ती अर्धा मिनिट बोलली. मग खांद्याबद्दल बोलली, जो गेल्या पावसाळ्यापासून वर जात नाही. टाचेबद्दल, सकाळी जमिनीवर पाय टेकताना काय होतं त्याबद्दल. केस विंचरताना डोक्यातून काय पडतं आणि ते ती माझ्या आधी उठून कसं झाडते, त्याबद्दल. राधाबाईंच्या सुनेच्या ओटीभरणाबद्दल, जिथे जायचं होतं आणि ती गेली नाही. कापून काढलेल्या अंगठीबद्दल. वीस-पंचवीस मिनिटं बोलली असेल. कापूस मी धरूनच होतो, रक्त कधीच थांबलं होतं.

मधे बोललो नाही.